'गेलो होतो' म्हणजे 'हॅड गॉन' नव्हे: इंग्रजीत भूतकाळ कधी, वर्तमानकाळ कधी

संध्याकाळी सहा ते साडेसात मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्गात येणारे बहुतेक जण मराठी माध्यमातले. कुणी बँकेत आहे, कुणी औषधाच्या दुकानात, कुणाला परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर नीट बोलायचं असतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीची सगळी पिढी पाचवीत एबीसीडी गिरवून पुढे आली, आणि माझ्या वर्गातले निम्मे लोक त्याच पिढीतले आहेत.

गेल्या पावसाळ्यात वर्गातल्या एका सिस्टरनी त्यांच्या वॉर्डातल्या नोंदीचा कच्चा कागद मला दाखवला. ड्यूटी बदलताना पुढच्या माणसासाठी लिहितात ती नोंद. त्यावर दोन वाक्यं होती: 'पेशंट हॅड फीवर. आय हॅड गिव्हन पॅरासिटामॉल ॲट एट.' सिस्टरच्या मनात होतं, 'पेशंटला ताप आला. आठ वाजता पॅरासिटामॉल दिली होती.' मराठीत यात काही चूक नाही. 'ताप आला' म्हटलं की तो अजून अंगात आहे हे आपल्याला कळतं. पण रात्रपाळीच्या डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी 'हॅड फीवर' वाचलं आणि ताप येऊन गेला असं समजून ते पुढच्या पेशंटकडे वळले. सिस्टर तिथेच होत्या म्हणून लगेच बोलल्या आणि प्रश्न तिथेच मिटला.

त्या कागदावर मराठी माणसाची इंग्रजी काळांची सगळी अडचण एकत्र आली आहे. शब्द बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी अर्थ उलटा. म्हणून हा लेख. शाळेतला बारा काळांचा तक्ता पुन्हा पाठ करायला मी सांगणार नाही. त्या तक्त्यात 'मी गेलो होतो' समोर 'आय हॅड गॉन' लिहिलेलं असतं, आणि माझ्या मते निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी मराठीतला 'ला' नीट ओळखा

आई स्वयंपाकघरातून हाक मारते आणि आपण आतल्या खोलीतून ओरडतो, 'आलो!' पाय अजून जागचे हललेले नसतात. कोपऱ्यावर बस दिसली की स्टॉपवरचे लोक म्हणतात, 'आली, आली!' ती अजून सिग्नलला उभी असते. फोनवर 'निघालो, निघालो' म्हणणारा माणूस बरेचदा चपला शोधत असतो.

रूप भूतकाळाचं आणि गोष्ट अजून व्हायची आहे. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण मराठीतला 'ला-ली-लं' मुळात 'झालं, पुरं झालं' एवढंच सांगतो. कधी झालं हे तो फारसं सांगत नाही. मनात पुरं झालं असलं तरी त्याला चालतं.

इंग्रजीतलं भूतकाळाचं रूप वेगळं काम करतं. ते सांगतं, 'ही गोष्ट इथून लांब आहे, आत्ताच्या क्षणापासून तुटलेली आहे.' म्हणून आईच्या हाकेला 'आय केम!' हे उत्तर होऊ शकत नाही. तिथे 'कमिंग!' म्हणायचं. बस दिसली की 'द बस इज कमिंग' किंवा 'हिअर कम्स द बस'.

इंग्रजी क्रियापदाला काळाची रूपं दोनच आहेत, वर्तमान आणि भूत. 'जाईन' सारखं भविष्याचं स्वतंत्र रूप त्या भाषेत नाही, ते काम 'विल' वगैरे मदतीच्या क्रियापदांवर भागतं. दोनच रूपांवर सगळा डोलारा उभा असल्यामुळे 'इथलं की तिथलं, जोडलेलं की तुटलेलं' ही निवड इंग्रजीत प्रत्येक वाक्याला करावी लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका प्रश्नाच्या आहेत.

पहिली पायरी: ती स्थिती आत्ता आहे का?

वाक्य बोलण्याआधी मराठी शब्द क्षणभर बाजूला ठेवा आणि समोरचं चित्र पाहा. चित्रातली गोष्ट या घडीला चालू असेल तर मराठीत 'ला' असला तरी इंग्रजीत वर्तमानकाळ लागतो.

भूक लागली: 'आय ॲम हंग्री.' दमले: 'आय ॲम टायर्ड.' झोप आली: 'आय ॲम स्लीपी.' कंटाळा आला: 'आय ॲम बोअर्ड.' समजलं का: 'डू यू अंडरस्टँड?' आमच्याकडे बरेच जण इथे 'आय बिकेम हंग्री', 'आय अंडरस्टुड' म्हणतात. भूक लागण्याचा क्षण मागे पडला हे खरं, पण सांगायचं असतं ते आत्ताच्या भुकेबद्दल.

सिस्टरच्या नोंदीतला ताप याच घरातला. ताप आला म्हणजे ताप आहे, म्हणून 'द पेशंट हॅज फीवर'.

याच पायरीवर आणखी एक जागा आहे, तिच्याकडे पुस्तकं फारसं लक्ष देत नाहीत. बसणं, उभं राहणं, झोपणं, नेसणं, घालणं या क्रिया मराठीत आपण पुऱ्या झालेल्या दाखवतो. 'बाबा खुर्चीत बसलेत.' 'बाळ झोपलंय.' 'तिने निळी साडी नेसली आहे.' 'त्याने चष्मा लावलाय.' इंग्रजीत हे सगळं चालू असलेलं दाखवतात: 'ही इज सिटिंग', 'द बेबी इज स्लीपिंग', 'शी इज वेअरिंग अ ब्लू सारी', 'ही इज वेअरिंग ग्लासेस'. फोटो दाखवून कोण कुठे आहे ते सांगताना 'माय अंकल हॅज सॅट इन द मिडल' असं म्हणायचं नाही. 'इज सिटिंग' म्हणायचं. घरातला एखादा जुना लग्नाचा अल्बम काढा आणि एकेका माणसाबद्दल एकेक वाक्य बोला. अर्ध्या तासात ही सवय अंगात मुरते, माझा अनुभव आहे.

उलट बाजूला जाऊन सगळीकडे 'आयएनजी' लावण्याचीही एक सवय असते. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नोइंग हिम'. असणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं या क्रिया नाहीत, स्थिती आहेत. तिथे साधंच रूप घ्या: 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय नो हिम'.

दुसरी पायरी: 'कधी?' याचं उत्तर वाक्यात आहे का?

गोष्ट घडून गेली आहे. आता वाक्यात वार, तारीख, साल, 'काल', 'मघाशी', 'दोन वर्षांपूर्वी' असं काही आहे का ते पाहा. असेल तर साधा भूतकाळ, दुसरा विचार करायचा नाही. 'इंडिया वन द वर्ल्ड कप इन १९८३.' 'महाराष्ट्र वॉज फॉर्म्ड ऑन १ मे १९६०.' स्वतःच्या जन्माबद्दलही हेच: 'आय वॉज बॉर्न इन सातारा.' 'आय ॲम बॉर्न' कितीही वेळा कानावर पडलं तरी तुम्ही म्हणू नका. जन्म एकदाच झाला आणि तो दिवस मागे पडला.

वेळेचा उल्लेख नसेल आणि घडलेल्या गोष्टीचा आत्ता काही उपयोग, परिणाम किंवा संबंध असेल तर 'हॅव' लावायचं. 'मी कोकण पाहिलंय': 'आय हॅव सीन कोकण.' 'किल्ली हरवलीय': 'आय हॅव लॉस्ट माय की', म्हणजे अजून सापडलेली नाही. 'औषध दिलंय': 'आय हॅव गिव्हन द मेडिसिन', म्हणजे पुन्हा देऊ नका. 'हॅव' वर्तमानकाळाचं रूप आहे हे लक्षात ठेवा. शाळेत त्याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणत, आणि त्या नावातला 'वर्तमान' हा शब्द महत्त्वाचा आहे. दिलंय म्हणजे 'दिलं आहे'. तो शेवटचा 'आहे' म्हणजेच इंग्रजीतला 'हॅव'.

इथपर्यंत मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात, आणि नेमकं इथेच पाऊल घसरतं. कारण मराठीत आपण म्हणतो, 'हा सिनेमा मी दोन वर्षांपूर्वी पाहिलाय.' 'पूर्वी' आणि 'आहे' एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने राहतात. इंग्रजीत राहत नाहीत. 'आय हॅव सीन धिस मूव्ही टू इयर्स अगो' चूक. एक तर 'आय हॅव सीन धिस मूव्ही' म्हणून थांबा, नाही तर 'आय सॉ इट टू इयर्स अगो' म्हणा. 'अगो', 'येस्टरडे', 'लास्ट' हे तीन शब्द तोंडात येताहेत असं वाटलं की 'हॅव' गिळून टाका.

औषधाचं तसंच. नुसतं 'आय हॅव गिव्हन पॅरासिटामॉल' बरोबर. 'ॲट एट' जोडलंत की 'आय गेव्ह पॅरासिटामॉल ॲट एट'.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून तुम्हाला 'आय जस्ट एट', 'डिड यू ईट यट?' असं ऐकू येईल. ते तिकडचं बरोबर इंग्रजी आहे. ब्रिटिश वळणात तिथे 'आय हॅव जस्ट ईटन' म्हणतात. परीक्षेसाठी आणि ऑफिससाठी ब्रिटिश वळण धरा, ऐकताना दोन्ही ओळखता आली म्हणजे झालं.

तिसरी पायरी: 'पासून' आणि 'वर्षं'

'मी दहा वर्षांपासून पुण्यात राहते.' मराठीत सरळ वर्तमानकाळ. म्हणून जिभेवर येतं, 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स'. इंग्रजीत गोष्ट मागे सुरू झाली आणि आजपर्यंत आली, तर मागचं टोक आणि आजचं टोक दोन्ही दाखवावी लागतात: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स'. 'सिन्स' सुरुवातीचा क्षण सांगतो, सिन्स २०१५, सिन्स मंडे, सिन्स धिस मॉर्निंग. 'फॉर' लांबी सांगतो, फॉर टेन इयर्स, फॉर टू अवर्स.

आता इथली जी चूक खरोखर महागात पडते ती सांगते. नोकरीच्या मुलाखतीत 'सध्या कुठे काम करता?' असं विचारल्यावर बरेच जण चालू नोकरीबद्दल 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणतात. ऐकणाऱ्याच्या लेखी तुम्ही ती नोकरी सोडलेली आहे. मग 'का सोडली?' हा प्रश्न येतो आणि तुम्ही गोंधळता. चालू असेल तर 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स'. एका 'हॅव'चा फरक आहे, पण तो नोकरीत असलेला आणि नसलेला माणूस यांच्यातला फरक आहे. बायोडेटामध्येही आधीच्या नोकऱ्या भूतकाळात, चालू नोकरी वर्तमानकाळात.

चौथी पायरी: 'होतो', आणि इथे सावकाश

माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीवर घालवते. सोमवारी विचारलं, 'व्हॉट डिड यू डू येस्टरडे?' की दहातले आठ जण सांगतात, 'आय हॅड गॉन टू मार्केट', 'आय हॅड सीन अ मूव्ही', 'माय सिस्टर हॅड कम'.

मराठीत आपण काय म्हणतो ते पाहा. 'काल मी बाजारात गेलो होतो.' का 'होतो'? कारण गेलो आणि परत आलो, प्रकरण संपलं. नुसतं 'बाजारात गेला' म्हटलं तर तो अजून तिथेच असेल, 'गेला होता' म्हटलं तर परतलाय. 'बहीण आली' म्हणजे ती घरात आहे, चहा टाका. 'बहीण आली होती' म्हणजे येऊन गेली. मराठीत पुरं झाल्याची खूण 'ला' करतो आणि तुटल्याची, लांब गेल्याची खूण 'होता' करतो. दोन कामांना दोन शब्द.

इंग्रजीत साध्या भूतकाळाच्या एकाच रूपात ही दोन्ही कामं होतात. 'आय वेंट टू द मार्केट' यात जाणंही आलं आणि प्रकरण मागे पडणंही आलं. म्हणून 'गेलो होतो' चं रोजच्या वापरातलं इंग्रजी 'वेंट' आहे. 'बहीण आली होती': 'माय सिस्टर केम'. 'मी तुम्हाला काल ईमेल पाठवला होता': 'आय सेंट यू ॲन ईमेल येस्टरडे'. हे शेवटचं वाक्य लिहून कपाटाला चिकटवा, ऑफिसात रोज लागतं.

मग 'हॅड गॉन' कधी? भूतकाळात दोन गोष्टी असतील आणि त्यातली आधीची कोणती ते सांगायचं असेल तेव्हाच. 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी गेली होती': 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' पोचणं भूतकाळात, गाडी सुटणं त्याच्याही मागे. इथे 'हॅड' काढलं आणि 'द ट्रेन लेफ्ट' म्हटलं तर तुम्ही पोचल्यावर, तुमच्या डोळ्यांदेखत गाडी सुटली असा अर्थ होतो.

म्हणजे कसोटी अशी: 'हॅड' म्हणायच्या आधी विचारा, 'कशाच्या आधी?' उत्तर म्हणून दुसरी एखादी भूतकाळातली गोष्ट हाताशी असेल तर म्हणा. नुसतं 'काल' असेल तर 'हॅड' नको.

लहानपणच्या रोजच्या गोष्टींना, म्हणजे 'आम्ही नदीवर पोहायला जायचो' याला 'वी वर गोइंग' नाही, 'वी यूज्ड टू गो'.

जर, तर, की: मराठीत 'ला', इंग्रजीत वर्तमान

'मी पोचलो की फोन करतो.' हे वाक्य दर मराठी घरातून रोज कुणीतरी बोलतं. पोचलो हा भूतकाळ, करतो हा वर्तमानकाळ, आणि दोन्ही गोष्टी अजून व्हायच्या आहेत. पुन्हा तोच 'ला', मनात पुरं झालेलं दाखवणारा. इंग्रजीत: 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच.' पोचण्याला वर्तमान, फोनला 'विल'.

'पाऊस आला तर सामना रद्द होईल': 'इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.' 'तू आलास की जेवू': 'वी विल ईट व्हेन यू कम.' इथे 'व्हेन यू केम' म्हटलंत तर आलेल्या माणसाची जुनी गोष्ट होते. आणि सावधगिरी म्हणून 'व्हेन यू विल कम' म्हटलंत तर तेही बसत नाही, कारण 'इफ' आणि 'व्हेन' च्या पोटात 'विल' सहसा राहत नाही.

वाटलं, म्हणाला, माहीत नव्हतं

'मला वाटलं तू घरी आहेस.' मराठीत दुसरा भाग वर्तमानातच राहतो, कारण तेव्हा मनात जे वाक्य आलं ते आपण जसंच्या तसं ठेवतो. इंग्रजी तेही ओढून मागे नेतं: 'आय थॉट यू वर ॲट होम.' 'तो म्हणाला मी येतो': 'ही सेड ही वॉज कमिंग' किंवा 'ही सेड ही वूड कम'. 'तू आजारी आहेस हे मला माहीत नव्हतं': 'आय डिडंट नो यू वर सिक.' समोरचा माणूस या घडीला अंथरुणात असला तरी इथे 'वर' चालतं. पहिलं क्रियापद मागे गेलं की दुसरं त्याच्या पाठोपाठ जातं, एवढं ध्यानात ठेवा. कायम खरी असलेली गोष्ट असेल, जसं कुणाचं गाव, तर 'शी सेड शी लिव्ह्ज इन नागपूर' असं वर्तमानही चालतं.

गावावरून आठवलं. 'मी साताऱ्याहून आलो' याची इंग्रजीत दोन वाक्यं होतात. 'आय कम फ्रॉम सातारा' म्हणजे माझं गाव सातारा. 'आय केम फ्रॉम सातारा' म्हणजे आत्ता तिथून प्रवास करून आलो. 'वेअर डू यू कम फ्रॉम?' असं विचारणाऱ्याला मूळ गाव हवंय, सकाळच्या एसटीची माहिती नकोय.

'डिड' आला की पुढचं क्रियापद साधं

'आय डिड नॉट वेंट', 'डिड यू सॉ?' ही चूक व्याकरण माहीत असूनही होते. भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच लावायची. ती 'डिड' ने उचलली की पुढच्याला मोकळं सोडा: 'आय डिड नॉट गो', 'डिड यू सी?'

अनियमित क्रियापदांना घाबरणारे लोक मला रोज भेटतात. गो-वेंट, सी-सॉ, टेक-टूक. इंग्रजीतली अशी क्रियापदं दोनशेच्या आसपास आहेत आणि सर्वात जास्त वापरातली बहुतेक सगळी त्यांतच आहेत. 'वेंट' तर मुळात 'गो' चं रूपच नाही, 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ उचलून तिथे बसवलाय. पण आपल्याकडे पाहा ना: जाणे-गेला, येणे-आला, करणे-केला, मरणे-मेला, पिणे-प्यायला, मागणे-मागितला. 'जा' मधून 'गेला' कसा निघाला? तोही असाच दुसऱ्या धातूचा. लहान मूल आधी 'जाला' म्हणतं, मग ऐकून ऐकून 'गेला' म्हणायला लागतं. मूल हे तक्त्यावरून शिकत नाही. म्हणून माझा सल्ला असा की यादी पाठ करू नका, दिवसाला तीन क्रियापदं घ्या आणि प्रत्येकाचं स्वतःच्या कालच्या दिवसाबद्दल एक खरं वाक्य बोला. 'आय बॉट मेथी.' 'आय मिस्ड द बस.' 'आय स्लेप्ट लेट.'

इंग्रजीने एक मोठी सवलतही दिली आहे. आपण 'गेला, गेली, गेले, गेल्या' आणि 'आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' अशी किती रूपं सांभाळतो. इंग्रजीत ही, शी, दे सगळ्यांना एकच 'वेंट' आणि एकच 'एट'. भूतकाळात फक्त 'वॉज' आणि 'वर' एवढंच पाहायचं.

नियमित क्रियापदांच्या शेवटचा 'ईडी' बोलताना मात्र तीन प्रकारे येतो. क, प, स, श, च, फ यांच्यामागे 'ट': वॉक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. स्वर आणि इतर बहुतेक व्यंजनांमागे 'ड': प्लेड, कॉल्ड, ओपन्ड. फक्त ट आणि ड यांच्यामागे 'इड': वाँटिड, नीडिड. 'वॉकेड', 'आस्केड' असं कुणी म्हणत नाही. भरभर बोलताना तो 'ट' पुढच्या शब्दात विरघळतो, त्यामुळे 'वॉक्ट टू' ऐकताना 'वॉक टू' वाटू शकतं. ऐकताना क्रियापदावर विसंबू नका, 'येस्टरडे' की 'एव्हरी डे' ते पकडा. पुट, कट, हिट यांचं रूप बदलतच नाही, आणि 'रीड' लिहितात तसंच पण भूतकाळात वाचतात 'रेड'.

भूतकाळ, पण मागचा नव्हे

'कुड यू हेल्प मी?', 'आय वाँटेड टू आस्क समथिंग.' मागणी आत्ताची आणि रूप भूतकाळाचं. नवख्यांना हे विचित्र वाटतं, पण आपणही साहेबांच्या दारात उभं राहून म्हणतो, 'सर, जरा बोलायचं होतं.' होतं का? बोलायचं तर आत्ताच आहे. एक पाऊल मागे सरकून, थोडं अंतर ठेवून मागितलं की ते नम्र वाटतं. इंग्रजीतला भूतकाळ म्हणजे अंतर, ही गोष्ट इथे सगळ्यात स्वच्छ दिसते.

खऱ्या परिस्थितीपासूनचं अंतरही असंच दाखवतात. 'माझ्याकडे पैसे असते तर घर घेतलं असतं': आत्ताबद्दल असेल तर 'इफ आय हॅड मनी, आय वूड बाय अ हाउस.' हातात पैसे नाहीत, म्हणून 'हॅड'.

लिहिताना

आपण गोष्ट सांगताना काळ मनमुराद बदलतो. 'मी घरी गेले, बघते तर काय, दार उघडं!' गेले भूतकाळ, बघते वर्तमान, आणि शेवटी क्रियापदच नाही. मराठीत यानेच गोष्टीला जीव येतो, आणि मला ही आपल्या भाषेची फार आवडणारी गोष्ट आहे. इंग्रजी पत्रात किंवा निबंधात मात्र सुरू केलेला काळ शेवटपर्यंत धरा: 'आय वेंट होम अँड फाउंड द डोअर ओपन.'

इतिहासाबद्दल मराठीत 'महाराज आग्र्याहून निसटतात' असं लिहितात, इंग्रजीत नवख्याने भूतकाळच ठेवावा. कथा-कादंबरी किंवा सिनेमात काय घडतं हे सांगताना मात्र इंग्रजीत वर्तमानकाळ वापरतात. क्रिकेटच्या धावत्या वर्णनातही तेच, 'ही रन्स इन, ही बोल्स'. आणि इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कालची घटना वर्तमानकाळात असते. 'भारताने सामना जिंकला' याचा इंग्रजी मथळा 'इंडिया विन' असा येतो. मथळा वाचून तो काळ आपल्या ईमेलमध्ये आणू नका, खालच्या बातमीत तेच 'वन' झालेलं दिसेल.

सराव कसा करायचा

एक छोटी वही करा. रोज रात्री पाच वाक्यं: दोन कालच्या किंवा आजच्या संपलेल्या गोष्टींची, वेळ घालून. एक 'हॅव' चं, वेळ न घालता. एक 'सिन्स' किंवा 'फॉर' चं. आणि एक उद्याचं, 'व्हेन' किंवा 'इफ' घालून. लिहून झालं की प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि मोठ्याने विचारा, 'हे आत्ताशी जोडलेलं आहे की तुटलेलं?' पहिले पंधरा दिवस वेळ लागतो. मग हात आपोआप थांबतो आणि योग्य रूप लिहितो.

त्या सिस्टरनी ही वही तीन महिने चालवली. दिवाळीनंतर त्यांनी नोंदीचा आणखी एक कच्चा कागद आणला, पेशंटचं नाव झाकून. त्यावर होतं: 'द पेशंट हॅज हॅड फीवर सिन्स सेव्हन. आय गेव्ह हिम पॅरासिटामॉल ॲट एट. द फीवर हॅज नॉट कम डाउन यट. इफ इट गोज अबव्ह १०२, प्लीज कॉल द डॉक्टर.'

ताप सातपासून आहे आणि अजून आहे, म्हणून 'हॅज हॅड'. औषधाला वेळ दिली, म्हणून 'गेव्ह'. उतरलेला नाही हे आत्ताचं, म्हणून 'हॅज नॉट'. पुढे वाढला तर, म्हणून 'गोज'. त्या चार ओळींत मला एका अक्षराचीही दुरुस्ती करावी लागली नाही.